कापलेलं जुळतं, पण बॅटरीतली जखम भरते का?

काजवा

लिथियम इतका मऊ धातू आहे की साध्या कात्रीने कापता येतो. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे हवाबंद पेटीच्या, जाड रबरी हातमोज्यांतून मी त्याची पहिली चकती कापली, तेव्हा कापाची कड नुकत्याच घासलेल्या चांदीच्या निरांजनासारखी लखलखत होती. बाहेरच्या दमट हवेत आणली असती तर बघता बघता काळवंडली असती. पाणी आणि ऑक्सिजन तर सोडाच, या धातूला नायट्रोजनही सोसत नाही. म्हणून आमच्या पेटीत आर्गॉन भरलेला असे.

एवढा नाजूक धातू बॅटरीत हवा कशाला? कारण एक ग्रॅम लिथियममध्ये ३८६० मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार मावतो. आजच्या मोबाइलच्या बॅटरीत ऋण बाजूला जे ग्राफाइट असतं, त्याच्या एका ग्रॅममध्ये ३७२. अख्खी बॅटरी काही दहापट होत नाही, कारण धन बाजूचं वजन तेवढंच राहतं. तरी फरक मोठा पडतो.

ही खटपट जुनी आहे. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्सॉनमध्ये पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली ती धातूचंच लिथियम वापरून. १९८९ साली कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानमध्ये फोनमध्ये पेटल्याने परत मागवाव्या लागल्या. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीने धातूच काढून टाकला आणि आयनांना, म्हणजे लिथियमच्या विद्युतभारित अणूंना, कार्बनच्या थरांत जागा दिली. आपण सगळे गेली तीस-पस्तीस वर्षं तीच वापरतो आहोत.

धातू पेट का घेतो? खरं तर चूक धातूची एकट्याची नाही. चार्ज करताना आयन परत येऊन धातूवर बसतात, पण सारखे बसत नाहीत. जिथे जरासा उंचवटा असतो तिथे जास्त बसतात, मग तो आणखी वाढतो. कुठे शेवाळासारखी वाढ होते, कुठे सुया उगवतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. अशी सुई पलीकडच्या बाजूला टेकली की शॉर्ट सर्किट, आणि मधला द्रव इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्यातून आयन ये-जा करतात तो पदार्थ, ज्वलनशील. म्हणून द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट घालायचा विचार आला.

घन इलेक्ट्रोलाइटची दोन मोठी घराणी आहेत. एक सिरॅमिकचं. २००७ साली मुरुगन, थंगादुराई आणि वेप्नर यांनी जर्मनीत लिथियम-लँथॅनम-झिर्कोनियमचं गार्नेट दाखवलं. २०११ मध्ये जपानमधून जर्मेनियम आणि गंधक असलेला पदार्थ आला, त्यात आयन द्रवाइतक्याच सहज पळतात. पण हे सगळं भाजलेल्या पापडासारखं. वाकवलं की कट्टकन मोडणार.

दुसरं घराणं पॉलिमरचं. पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये लिथियमचा क्षार विरघळवायचा. १९७३ मध्ये पीटर राइट यांनी अल्कली धातूंच्या क्षारांची अशी संयुगं दाखवली, १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी त्याची बॅटरी करता येईल हे मांडलं. हे पापडाच्या लाटीसारखं, वाकतं आणि दबतं. अडचण अशी की घरच्या तापमानाला आयन त्यातून फारच हळू जातात. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात भाड्याने मिळणाऱ्या ऑटोलिबच्या छोट्या गाड्यांत अशीच बॅटरी होती, आणि ती कायम गरम ठेवावी लागे. मनगटावरच्या पट्ट्यात ६० अंशांची बॅटरी कोण बांधणार?

आता मुद्द्यावर येते. वाकणारी बॅटरी हवी असेल तर इलेक्ट्रोलाइट रोज शेकडो वेळा वाकणार आणि त्याला बारीक चिरा पडणार. म्हणून त्याने स्वतःच त्या चिरा भराव्यात अशी कल्पना. तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील: पारदर्शक पट्टी ब्लेडने कापतात, टोकं जुळवून ठेवतात, थोड्या वेळाने ओढून दाखवतात, मग शेजारी एलईडी पेटतो. मीही असे व्हिडिओ केले आहेत आणि ते खोटे नसतात. पण आज माझं ठाम मत आहे की तो काप ही चुकीची जखम आहे. बॅटरीत कोणी कात्री चालवत नाही. तिथली जखम लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट जिथे एकमेकांना टेकतात त्या पृष्ठभागावर होते.

हिशोब करून पाहा. दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिअँपिअर-तास एवढा साधारण भार घेतला, तर प्रत्येक चार्जला लिथियमचा थर सुमारे १५ मायक्रॉनने जाड होतो आणि वापरताना तेवढाच बारीक होतो. धातू निघून जातो तिथे पोकळ्या राहतात. पोकळीवर आयनांना वाट नाही, म्हणून उरलेल्या टेकलेल्या ठिपक्यांवर गर्दी होते आणि तिथेच सुई उगवते. इलेक्ट्रोलाइटने धावून जायला हवं ते या पोकळीकडे.

हे मला माझ्याच फिल्मने, म्हणजे इलेक्ट्रोलाइटच्या पातळ पट्टीने, शिकवलं. हायड्रोजन बंधांवर (रेणूंमधल्या कमजोर, पुन्हा जुळणाऱ्या बंधांवर) जुळणारी ती फिल्म टेबलावर झकास जुळायची. नाण्याएवढ्या सेलमध्ये घातली तर आठवडेच्या आठवडे चालली. मग तीच मऊ पाकिटातल्या सेलमध्ये घालून सळईभोवती वाकवली, आणि तिसऱ्या दिवशी सेल बंद. पाकीट पेटीतच उघडलं तर लिथियमवर करडे डाग, आणि फिल्म त्या जागी सुटी झालेली, जुन्या खिडकीच्या काचेवरचा स्टिकर सुटतो तशी. नंतर लक्षात आलं, नाण्याच्या सेलमध्ये आत एक स्प्रिंग असते आणि ती सतत दाबून धरते. मी ज्याला फिल्मचा गुण समजत होते त्यातला बराच भाग स्प्रिंगचा होता. वाकणाऱ्या बॅटरीत स्प्रिंग कुठून आणणार?

या विषयात काम करणारे किंवा नुसतं कुतूहल असणारे, सगळ्यांनी लिहा. मला यावर बोलायचं आहे.

गवतीचहा

छान लिहिलंय ताई, पण माझ्यासारख्या कॉमर्सवालीला एक सांगा. पट्टीला कसं कळतं की आपल्याला चीर पडली आहे?

काजवा

@गवतीचहा, कळत काही नाही, आणि तेच सुंदर आहे. तुम्ही उडदाच्या पापडाची लाटी मधोमध तोडून लगेच दोन्ही तुकडे दाबले तर एकजीव होतात. तेच तुकडे तासभर पंख्याखाली ठेवले तर साल धरते आणि मग कितीही दाबा, जोड दिसत राहतो.

पॉलिमरमध्येही असंच काहीसं होतं, फक्त कारण वाळणं हे नाही. साध्या प्लास्टिकच्या साखळ्यांतला कार्बन-कार्बन बंध तुटला तर परत जुळत नाही. म्हणून साखळ्यांना मुद्दाम कमजोर बंधांच्या जागा देतात, म्हणजे तुटायचं तर तिथेच तुटावं. उदाहरणार्थ हायड्रोजन बंध. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला १९९७ साली एकाच वेळी चार हायड्रोजन बंधांनी धरणारा रेणूगट वापरून पॉलिमर केले गेले. चार चिमट्यांनी धरलेल्या कपड्यासारखं, सुटतं पण घट्टही धरतं. ताज्या कापावर अशी कितीतरी टोकं मोकळी, जोडीदार शोधत असतात. समोरची बाजू टेकवली की पलीकडचा जोडीदार सापडतो. फार वेळ गेला तर मात्र ती आपल्याच बाजूच्या शेजाऱ्याशी जुळून बसतात. पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटाने २००८ मध्ये केलेलं प्रसिद्ध जुळणारं रबर असंच वागतं. टोकं जितका वेळ दूर ठेवाल तितका जोड कच्चा.

दुसरा प्रकार खऱ्या रासायनिक बंधांचा, जे जोडीदार बदलतात: डायसल्फाइड, इमीन, बोरॉनचे एस्टर. हे जास्त टिकाऊ, पण बहुतेकदा थोडी ऊब लागते.

उंबरठा

लेख आवडला, पण मूळ कल्पनेवरच शंका आहे. जुळायचं तर साखळ्या हलायला हव्यात, म्हणजे पदार्थ मऊ हवा. आणि डेंड्राइट अडवायचा तर पदार्थ कडक हवा. मनरो आणि न्यूमन यांनी २००५ मध्येच गणित मांडलं होतं की इलेक्ट्रोलाइटचा कर्तन-गुणांक (म्हणजे एक प्रकारे कडकपणा) लिथियमच्या सुमारे दुप्पट असेल तरच सुई दबून राहील. लाटीने कधी खिळा अडतो का? मला हा सगळा प्रकार दोन दगडांवर पाय ठेवण्यासारखा वाटतो.

काजवा

@उंबरठा, हाच प्रश्न माझ्या व्हायव्हात आला होता. मनरो-न्यूमन यांचं गणित सपाट आणि सलग पृष्ठभागासाठी आहे. गार्नेट त्या अटीपेक्षा कितीतरी कडक आहे, तरीही लिथियम त्याच्या कणांच्या सीमांतून आणि आधीच असलेल्या चिरांतून आत शिरतं. भिंत दगडाची असली तरी पिंपळाचं रोप सांध्यातूनच उगवतं ना? म्हणजे नुसत्या कडकपणाने काम झालं नाही. मऊ पदार्थाने सुई अडवावी ही माझी अपेक्षाच नाही. सुई उगवायचं कारण, म्हणजे ती पोकळी आणि तिच्याभोवतीची गर्दी, त्याने काढून टाकावी.

मऊपणा आणि आयनांचा वेग यांची सांगड हा मात्र खरा पेच आहे. पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये आयन साखळीच्या हालचालीवर स्वार होऊनच पुढे सरकतो. साखळी जितकी चपळ तितका आयन जलद आणि पदार्थ तितका पातळ. यावर मला सर्वांत पटलेलं उत्तर स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाचं, २०१९ मधलं. त्यांनी दोन्ही कामं साखळीच्या वेगवेगळ्या भागांना वाटून दिली. काही भाग आयन नेतात, काही भागांवर तो चार हायड्रोजन बंधांचा चिमटा आहे, त्याने ताकद आणि जुळणं सांभाळायचं. ०.१२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर एवढी वाहकता आली, आणि पदार्थ ताणला तरी तुटत नाही. द्रव इलेक्ट्रोलाइटची वाहकता त्याच मापात साधारण १० असते, म्हणजे अजून बरंच अंतर आहे. पण पातळ थरात एवढ्यावर भागू शकतं.

उंबरठा

त्यात द्रव प्लास्टिसायझरही (पदार्थ मऊ करणारा द्रव) मिसळलेला आहे, हे सांगायला हवं होतं. मग घन कसं म्हणायचं?

काजवा

बरोबर, सांगायला हवं होतं. मिसळलेला आहे. "घन" शब्द या क्षेत्रात फार सैल वापरला जातो आणि मला ते खटकतं. वितळणं, गळणं, पेटणं या कसोट्यांवर बोलावं. नावावरून काहीच कळत नाही.

सह्यकडा

मी मेकॅनिकलचा. वाकण्याबद्दल थोडं लिहितो, कारण "वाकतं" म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. पट्टी वाकली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दबतो. ताण किती? पट्टीची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. अर्धा मिलिमीटर जाड बॅटरी मनगटाभोवती, म्हणजे ३० मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली, तर एक टक्क्याच्या आतच. तीच बकलाजवळ १० मिलिमीटरवर वाकली तर अडीच टक्के. सिरॅमिक साधारण एक दशांश टक्क्यालाच जातं. पॉलिमरला अडीच टक्के म्हणजे काहीच नाही.

पण मधोमध एक पातळी असते जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. नाजूक थर तिथे ठेवावा हे आम्ही दुसऱ्या वर्षालाच शिकतो. मग बॅटरीची रचना बदलून हा प्रश्न सुटणार नाही का? रसायनावर एवढं ओझं कशाला?

काजवा

@सह्यकडा, धन आणि ऋण थरांची एकच जोडी असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण उपयोगी पडेल एवढी ऊर्जा हवी तर अशा अनेक जोड्या एकावर एक रचाव्या लागतात, आणि मधोमध एकच मावते. बाकीचे थर वाकताना वहीच्या पानांसारखे एकमेकांवरून सरकतात. माझ्या पाकिटात फिल्म सुटली ती चिरून नव्हे, अशीच सरकून. म्हणून मला आता ओढून तोडायच्या चाचणीपेक्षा सोलून काढायच्या चाचणीचे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात.

दोनपाती

बॅटरी निकामी झाल्यावर याचं काय करायचं? कचऱ्याचा विचार कोणी केला आहे का?

काजवा

@दोनपाती, थोडा. इलिनॉय विद्यापीठात ब्रायन जिंग आणि क्रिस्टोफर इव्हान्स यांनी २०१९ मध्ये बोरॉनच्या एस्टर बंधांचं असं जाळं केलं की ते स्वतः जुळतं, तापवल्यावर मऊ पडण्याऐवजी ताठ होतं आणि साध्या पाण्यात सुटं होतं. कडक आम्ल लागत नाही. पण घरी कोणीही असली बॅटरी पाण्यात टाकू नका! आत धातूचं लिथियम असेल तर पाण्याशी गाठ पडताच हायड्रोजन आणि उष्णता बाहेर पडते.

माळरान

रसायनातलं मला फारसं कळत नाही, पण हे वाचताना आजोबा आठवले. १९९० साली त्यांना पेसमेकर बसवला. ते पुढे आठ वर्षं शेतात रोज फेरी मारत. १९९८ मध्ये गेले तेव्हा अग्नी द्यायच्या आधी डॉक्टर येऊन छातीतलं यंत्र काढून गेले, चितेत ते फुटतं म्हणून. धुऊन वडिलांच्या हातात दिलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, गोल कडांचं, हाताला थंड. माझे वडील म्हणाले, "अजून चालू असेल." ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्यात कुठली बॅटरी असायची? तीही लिथियमचीच का?

काजवा

@माळरान, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १९९० चा पेसमेकर म्हणजे बहुधा लिथियम-आयोडीन, आणि तसं असेल तर या धाग्यातली सगळ्यात जुनी आणि खरी स्वतःची जखम भरणारी बॅटरी तुमच्या आजोबांच्या छातीत होती.

त्या बॅटरीत एका बाजूला लिथियम धातू आणि दुसऱ्या बाजूला पॉलिमरमध्ये मिसळलेलं आयोडीन. मध्ये काहीच घालत नाहीत. दोन्ही टेकले की तिथेच लिथियम आयोडाइडचा पातळ घन थर तयार होतो. तोच इलेक्ट्रोलाइट. समजा त्याला चीर गेली. तर त्या चिरेतून आयोडीन लिथियमपर्यंत पोचतं, पुन्हा लिथियम आयोडाइड होतं आणि चीर बुजते. कुठला खास पॉलिमर नाही, चिमटे नाहीत. जखमच औषध तयार करते, आणि तेही नेमकं लिथियमच्या पृष्ठभागावर, जिथे मी म्हणते आहे तिथेच. १९७२ साली इटलीत अशा बॅटरीचा पेसमेकर पहिल्यांदा माणसाला बसवला गेला.

त्याची वाहकता फारच कमी आहे, पण पेसमेकरला लागतोच किती करंट, काही मायक्रोअँपिअर. वापरता वापरता तो थर जाड होत जातो आणि आतला रोध हळूहळू वाढतो. त्यावरूनच डॉक्टरांना बॅटरी संपत आल्याची सूचना खूप आधी मिळते. अचानक दगा नाही. ती परत चार्ज होत नाही, एवढीच तिची मर्यादा. तुमचे वडील म्हणाले ते खरं असणं अगदी शक्य आहे.

माळरान

हे वडिलांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. मग कपाटातला डबा काढून आणला आणि ते यंत्र बराच वेळ हातात धरून बसले.

उंबरठा

लिथियम-आयोडीनचा विचार मी या अंगाने केला नव्हता. म्हणजे जखम भरण्याचं काम इलेक्ट्रोलाइटच्या पोटात ठेवण्याऐवजी लिथियमशी होणाऱ्या प्रक्रियेवर सोपवायचं. मग रेन्सेलियर पॉलिटेक्निकमधल्या निखिल कोरटकर यांच्या गटाचं २०१८ चं काम इथे बसतं का? त्यांनी दाखवलं होतं की करंट मुद्दाम वाढवला तर आतल्या उष्णतेने लिथियमचे अणू पृष्ठभागावर पसरतात आणि सुया सपाट होतात. तिथे तर धातूच स्वतःला सावरतो.

काजवा

बसतं, आणि मला ते काम फार आवडतं. लिथियम १८० अंशांना वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानालाही तो बऱ्यापैकी "ऊबदार" धातू आहे. त्याचे अणू सहज सरकतात. पण अंगाला चिकटवायच्या पट्टीत तेवढी उष्णता चालणार नाही. माझा कल असा की धातू स्वतः सरकेल तेवढा सरकू द्यावा आणि उरलेली फट मऊ, जुळणाऱ्या थराने भरावी. तो थरही पातळच हवा, काही मायक्रॉनचा. जाड केला की आयनांची वाट लांबते.

निळीशाई

नमस्कार काजवाताई. मी एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला जुळणारी पॉलिमर फिल्मच घेतली आहे. सर म्हणतात कापून जोडल्याचे फोटो आणि वाहकता एवढं पुरेसं आहे. आमच्याकडे ग्लोव्हबॉक्स शेजारच्या संस्थेत आठवड्यातून एकदाच मिळतो. तुमच्या मते मी काय मोजू?

काजवा

@निळीशाई, सर सांगतात ते करच, त्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही. पण पेटीत मिळालेल्या दिवसांपैकी एक दिवस यासाठी राखून ठेव. दोन्ही बाजूंना लिथियम आणि मध्ये तुझी फिल्म, असा पाकिटाचा सेल कर. स्प्रिंग नको, क्लॅम्प नको. इम्पीडन्स (आतला रोध) घे. मग एकाच दिशेने बराच वेळ करंट सोड, म्हणजे एका बाजूचं लिथियम निघून पोकळ्या पडतील आणि रोध चढेल. करंट बंद कर आणि सेलला हात न लावता दर अर्ध्या तासाने इम्पीडन्स घेत राहा. रोध उतरला तर काहीतरी भरतंय.

आणि तुलनेला दुसरी फिल्म हवीच, तेवढीच मऊ पण न जुळणारी. कायमच्या बंधांनी विणलेली चालेल. ती नसेल तर उतरलेला रोध जुळण्यामुळे उतरला, नुसत्या मऊपणामुळे की लिथियम आपोआप सरकल्यामुळे, हे सांगता येणार नाही. मी ही दुसरी फिल्म केली नव्हती. तीन वर्षांनी एका परीक्षकाने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निळीशाई

दुसरी फिल्म करते. पेटी गुरुवारी मिळणार आहे.

आणि ताई, काल रात्री आईने पापडाचं पीठ कुटलं होतं, म्हणून तुमचा लाटीचा प्रयोग करून पाहिला. ताजी तोडलेली लगेच जुळली, लाटल्यावर जोड शोधूनही सापडला नाही. तासाभराने जोडलेली लाटताना बरोबर त्याच रेषेवर फाटली. तिसरी मी तोडून एका तुकड्याची कड तेलाच्या बोटाने पुसली आणि लगेच जोडली, तर तीही फाटली. तेल म्हणजे आपल्या सेलमध्ये लिथियमवर बसणारा तो करडा थरच ना?

काजवा

हो, तोच. गुरुवारी चकती कापल्यावर सेल बंद करेपर्यंत किती मिनिटं गेली तेही वहीत लिहून ठेव.